मावशीसाठी दुसरा एसी

नवऱ्याने निवृत्तीनंतर जुनी मिनीबस घेतली आणि तिच्यात पलंग, ओटा, न्हाणीघर बसवलं. आचोळ्याच्या आमच्या सोसायटीत जो तो मलाच विचारायचा, "आता फ्लॅट विकणार का?" मी हसून सोडून द्यायची. खरं तर मलाही ते खूळच वाटत होतं. पण नागपूरच्या मावशीचा निरोप आला आणि त्या खुळाला काम मिळालं.

मावशी म्हणजे आईची मोठी बहीण. दोघी अर्नाळ्याच्या, कोळीवाड्यातल्या. मावशीचे यजमान रेल्वेत होते, त्यामुळे ती नागपूरला गेली आणि तिथेच राहिली. यंदा ती पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. हाड जुळलं, पण मावशी उठेना की धड जेवेना. पाऊस लागायच्या आत मला अर्नाळ्याला न्या, एवढंच तिचं चालू होतं. तिला बसवत नव्हतं, त्यामुळे ट्रेन बाद. ॲम्ब्युलन्सचं नाव काढलं तर फोनवर भडकली, "भोंगा वाजवत नेनार मला? गावात म्हनतील, मेली म्हातारी!" आडवं झोपवून न्यायला डॉक्टरांची हरकत नव्हती, पण तिला गरम होता कामा नये असं त्यांनी बजावलं होतं. मे महिन्यात, नागपूरहून!

गाडीत एसी होता, पण पुढे. मधे न्हाणीघराची पेटी आणि तिच्यामागे पलंग. आई म्हणाली, "आदी मी झोपून बघते." भर दुपारी हायवेने मनोरपर्यंत चक्कर मारली. पुढे नवरा कानाला रुमाल बांधून बसला होता आणि मागे आई घामाने निथळत होती. नवरा म्हणाला, मागे एक पंखा लावू. मी म्हटलं, "गरम हवाच फिरवायची तर तुमच्या तोंडाची वाफ पुरे." मग दुसरा एसी ठरला.

त्याला जागा एकच होती. पलंगाच्या वर टपाला हवेसाठी झडप होती. ती काढून त्याच चौकोनात एसी बसवला, खालून लोखंडी पट्ट्यांचा आधार दिला आणि कडेच्या फटी रबराने बुजवल्या. दोन्ही एसी एकदम लावले की गाडीतला जनरेटर आचका देऊन बंद पडायचा. म्हणून आधी पुढचा लावायचा आणि तो स्थिरावला की मागचा, असा नियम केला. मागची हवा आता तिथल्या तिथेच फिरत होती. थंडावा कसा टिकतो बघ, असं नवरा कौतुकाने सांगत होता. त्याचा दुसरा अर्थ आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आला नाही.

बहिणीच्या दारात कोळीण रिकाम्या हाताने जात नाही. वलांडीवर, म्हणजे बांबूंच्या मांडवावर, वाळवलेले बोंबील आणि सोबत जवळा असं भलं मोठं गाठोडं आईने अर्नाळ्याहून आणलं. गारव्याला राहील म्हणून पलंगाखाली सारलं. मी सुक्या मासळीवर वाढलेली बाई, पण नाशिक ओलांडेपर्यंत मलाही डोळे चोळावे लागले. नवऱ्याने खिडक्या उघडल्या तर बाहेरून भट्टीची झळ आली. परत बंद केल्या.

नागपूरला गाठोडं उतरलं, वास उतरला नाही. एसीची जाळी साबणाने धुतली, लिंबं कापून ठेवली. नवऱ्याने कापूर जाळला, तर मासळी बाजारात आरती चालल्यासारखं झालं. मावशीची सून बिचारी अवघडून म्हणाली, "ताई, सासूबाईंना हल्ली फोडणीचा वाससुद्धा सहन होत नाही हो. लगेच उलटी होते." अंगात काही न उरलेल्या बाईला वाटेत उलट्या सुरू झाल्या तर? एसी लावावा तर वास, न लावावा तर ऊन. मी नवऱ्यावर ओरडले आणि तो आईवर चिडला.

सकाळी मावशीला चादरीसकट उचलून पलंगावर ठेवलं. केवढीशी झाली होती! बघवत नव्हतं. आधी पुढचा एसी लावला, मग मागचा. मी बादली आणि टॉवेल घेऊन तयार उभी होते. वरून गार झोत आला आणि त्याच्याबरोबर बोंबील. मावशीचे डोळे मिटलेले होते. तिने एक श्वास घेतला. मग दुसरा, चांगला लांब.

"पोचलो पन?" तिने विचारलं.

गाडी अजून तिच्या गल्लीतच उभी होती. आमची आई आयुष्यभर खोटं बोलण्यावरून आम्हाला बडवत आलेली. तिने बहिणीचा हात हातात घेतला आणि म्हणाली, "पोचलो, बाय. नीज आता." मी बादली खाली ठेवली आणि पुढे जाऊन रडून घेतलं.

वाटभर मावशी झोपली. उठली की पेज प्यायची, पुन्हा झोपायची. उलटी एकदाही झाली नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अर्नाळ्यात गाडीचं दार उघडलं, तेव्हा वलांडीवरचे बोंबील काढणाऱ्या बायका हातातलं काम टाकून धावत आल्या.

"कवा आलीस गो?" एकीने विचारलं.

"कालच," मावशी म्हणाली.

आईने तिचं बोलणं दुरुस्त केलं नाही.