‘या’ म्हणाले

लोणंदच्या कंपनीतली स्टोअरची नोकरी गेली आणि मी सांगलीला सासरी येऊन राहिले, त्याला वर्ष उलटून गेलं होतं. नवरा फौजेत, लांब. घरात मी आणि आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई. कुपवाडच्या कारखान्यांत अर्ज टाकत होते आणि सगळीकडून एकच उत्तर, ‘कळवतो’. कळवलं कुणीच नाही. मला एका जागी बसवतच नव्हतं. झाडलेलं अंगण पुन्हा झाडायचे. रेंज असली तरी फोन घेऊन गच्चीवर जायचे. शेजारीण ‘झालं का गं कुठं काम?’ म्हणाली की तिचं तोंड बघू नये असं वाटायचं.

त्या दिवशी कुपवाडच्या एका साहेबांनी माझे कागद न उघडताच बाजूला ठेवले. मी उठले, रीतीप्रमाणे “येते” म्हणाले. मान वर न करता ते म्हणाले, “या.” निघा, एवढाच त्याचा अर्थ. घरी पोचेपर्यंत स्कूटीवर मी त्यांना मनातल्या मनात काय काय ऐकवलं, ते लिहिण्यासारखं नाही.

दारातच आत्यांनी विचारलं, “काय म्हणलं गं?”

“‘या’ म्हणाले,” मी फणकाऱ्यानं बोलले आणि चपला भिरकावून आत गेले.

सकाळी बघते तर ओट्यावर डबा भरून तयार. भाकरी, दोडक्याची भाजी, शेंगदाण्याची चटणी. लग्नात ‘सुनेला नोकरी कशाला’ म्हणून तोंड फिरवलेली ही बाई माझ्यासाठी पहाटे उठली होती. “पयल्या दिवशी उशीर नगो,” म्हणाल्या.

हसावं का रडावं कळेना. “आत्या, आवं ते तसलं ‘या’ नव्हतं. जा म्हणायचं ‘या’ होतं.”

आता त्यांचं तोंड सुटणार, असं मला वाटलं, आणि मीही तयारीतच होते. त्यांनी डब्याचं झाकण घट्ट दाबलं. “मग ह्यो डबा घरात बसून खाणार व्हय? कुपवाडात एकच कारखाना हाय काय?”

मी भडकले. वर्षभर काय झोपा काढल्या मी? तसं बोललेही. पण घरात थांबणंही जमेना, म्हणून डबा अडकवून निघाले. दिसेल त्या गेटवर विचारत गेले. एका वॉचमननं हाकललं. एका ठिकाणी आत नेऊन बसवलं, चहा दिला आणि ‘कळवतो’ म्हणाले. दुपारी लिंबाखाली कामावरच्या बाया जेवत होत्या, त्यांच्यात जाऊन बसले. एकीनं लोणचं वाढलं. “कुठल्या खात्यात गं तू?” तिनं विचारलं. मी नुसतीच भाकरी मोडत राहिले.

संध्याकाळी आत्या दारातच. “काय म्हणलं?”

“‘कळवतो’ म्हणाले,” मी सांगितलं आणि मला रडूच फुटलं. वर्षात त्यांच्यासमोर कधी रडले नव्हते. त्यांनी जवळबिवळ घेतलं नाही, तसली त्यांना सवय नाही. हातातला डबा घेतला, उघडून रिकामा आहे का बघितलं.

“उद्या भाकरीच करू का चपाती?” म्हणाल्या.