तसं म्हणजे कसं?

कॉलेजात मराठी शिकवता शिकवता माझ्या गळ्यात एक जादा काम पडलं ते दोन हजार सोळा साली. प्राचार्य म्हणाले, मुलांच्या मानसिक आरोग्यासाठी समुपदेशन कक्ष काढायचाय, तो तुम्ही बघा. मीच का, असं विचारलं तर म्हणाले, "तुम्हाला बोलायला आवडतं." याला कौतुक म्हणावं की टोमणा, हे मला अजून कळलेलं नाही.

खोली मिळाली ती जिमखान्यामागची. व्हॉलीबॉलच्या जाळ्या आणि मोडके कॅरम बोर्ड बाहेर काढून दोन खुर्च्या आत ठेवल्या आणि दारावर पाटी लागली. त्या पाटीनेच घात केला. आमची मुलं डहाणू-तलासरीकडची. घरी कुणी वारली बोलतं, कुणी गुजराती. त्यांनी 'समुपदेशन' या शब्दातला 'उपदेश' तेवढा नेमका हेरला. उपदेश करतात तो चुकलेल्याला, म्हणजे या खोलीत पाठवतात ते काहीतरी केलेल्याला, असं कॉलेजभर ठरून गेलं. मला रागावताही येईना, कारण शब्दांची फोड करायला त्यांना मीच शिकवलं होतं. मी रिकाम्या खोलीत बसून निबंध तपासायची. एकदा एक मुलगा आत डोकावला, मी लगबगीने उठले, तर तो झेरॉक्स कुठे काढून मिळते ते विचारत होता.

त्याआधी आमचं प्रशिक्षण झालं होतं. शिकवणाऱ्या बाईंनी बजावून सांगितलं, शंका आली तर आडवळणाने बोलू नका, जीव द्यावासा वाटतो का, असं सरळ विचारा. विचारल्याने ते डोक्यात शिरत नाही; असलं तर बाहेर येतं. पटलं मला. पण जिभेचं काय करायचं? आमच्या घरात बांगडी फुटत नाही, वाढते. दिवा विझवत नाहीत, शांत करतात. घरातून निघताना 'जाते' म्हटलं की आई दारातच थांबवायची, "येते म्हण!" अभद्र बोलू नये, वास्तू तथास्तु म्हणते, या धाकात वाढलेली मी. सरावाच्या वेळी समोरच्या प्राध्यापकांना मी विचारलं, "तुम्हाला तसं काही वाटतं का?"

बाई म्हणाल्या, "तसं म्हणजे कसं?"

"म्हणजे... तसलं काही."

सगळे हसले. मीही हसले. तीनदा करून पाहिलं, तो शब्द काही माझ्या तोंडून निघाला नाही.

दिवाळीची सुट्टी संपून कॉलेज सुरू झालं होतं तेव्हा ती आली. दुसऱ्या वर्षाला, सायन्सची, पण पहिल्या वर्षी माझ्या वर्गात होती. तलासरीच्या पुढे डोंगराकडच्या एका पाड्यावरची, आमच्या होस्टेलवर राहणारी. वर्गात शंका काढून मला भंडावून सोडायची, म्हणून माझी लाडकी. दारात उभी राहून म्हणाली, "मॅडम, मी काय केलं नाय. तरी आत येऊ का?"

मला हसूही आलं आणि वाईटही वाटलं. म्हटलं, ये बाई, काही न करणाऱ्यांसाठीच आहे ही खोली.

ती बसली. मीच विचारायला लागले. घरी सगळं ठीक? ठीक. अभ्यास? होतो. कुणी त्रास देतंय? नाय. कुणा मुलाची भानगड? यावर किंचित हसली. म्हणाली, "कायच झालेलं नाय मॅडम. तेच तर कळत नाय. झोप येत नाय, जेवण गिळवत नाय. पोरी हसतात तर मला वाटतं, कशाला हसतात?" मग माझ्या टेबलावरची पेनं एका रेषेत लावत बसली. मी काहीबाही बोलले, खूपच बोलले, तो प्रश्न मात्र घशाशी येऊन परत गेला. शेवटी ती उठली.

"जाते मॅडम," म्हणाली, आणि गेली.

जाते! तो शब्द मला चटका बसावा तसा बसला. शिकलीसवरली बाई मी, पण त्या क्षणी फक्त माझ्या आईची मुलगी होते. चपला पायात नीट न अडकवताच धावले. सायकल स्टँडपाशी तिला गाठलं आणि दंडाला धरून ओरडलेच, "जाते काय म्हणालीस? कुठे जातेस?"

ती घाबरली. "होस्टेलवर, मॅडम."

"मग येते म्हणावं!"

"आमच्या घरी सगळे जातेच बोलतात."

म्हणजे शब्दात काहीच नव्हतं. पाड्यावरची साधी बोली, आणि मी तिच्यात माझ्या घरची भीती वाचली होती. मुकाट्याने परत फिरायला हवं होतं. पण इतकी धावत आले होते, इतकी धाप लागली होती, की आडवळण घ्यायला दम उरला नव्हता. मी विचारलं, "जीव द्यावासा वाटतो का गं तुला?"

मग तिचा चेहरा सैल झाला. "हो," म्हणाली. "रोज."

पुढे तिनेच विचारलं, "कोणाला सांगितलं तर होस्टेलवरून काढतात का, मॅडम?"

एवढं विचारायला ती आली होती. मरण्याची भीती नव्हती पोरीला, होस्टेलची खोली जाण्याची होती. मला इतकं रडू आलं आणि इतका राग आला, कुणाचा ते सांगता येत नाही. म्हटलं, कोण काढतो ते मी बघते. मग तिला एकटी सोडलीच नाही. रेक्टरबाईंना फोन केला, सरकारी दवाखान्यात मनाच्या डॉक्टरांचा वार होता त्या दिवशी तिला घेऊन गेले. घरी निरोप धाडला, तशी तिची आई जीपने आली. "पोरीला झालंय काय, बाय?" म्हणाली. मी सांगितलं, मन आजारी पडलंय, औषध आहे, पण सोबत लागेल. होस्टेलवर पाहुणे ठेवायची परवानगी नव्हती. रेक्टरबाईंनी त्या माउलीला स्वयंपाकघरात मदतीला आल्याचं दाखवून ठेवून घेतलं. ती लेकीच्या डोक्याला तेल लावत बसायची, आणि पोळ्या मात्र खरोखरच लाटायची.

बरं होणं चुटकीसरशी नसतं. गोळ्यांनी तोंड कोरडं पडायचं म्हणून ती कुरकुरायची. मध्येच सोडूनही बघितल्या, त्यावरून मी तिला फैलावर घेतलं. दर आठवड्याला ती खोलीत यायची आणि मी तोच प्रश्न विचारायची, तसाच, सरळ. उत्तर कधी 'हो', कधी 'थोडं', कधी नुसती मान. 'थोडं' ऐकून मी घरी जाऊन गोड करायची, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा 'हो'. त्या 'हो'ची सवय मला कधीच झाली नाही.

पुढच्या मार्चमध्ये ती होळीसाठी घरी गेली. जाऊ द्यावं की नाही, यावर मी डॉक्टरांचं डोकं खाल्लं. त्यांनी तिच्या आईला नीट समजावलं आणि जाऊ द्या म्हणाले. ते दिवस मी कसे काढले ते मलाच ठाऊक. सण झाल्यावर मी डहाणूच्या बाजारात सुकट घ्यायला गेले होते. मासळीवाल्या मावशीशी माझी घासाघीस चालली होती, तेवढ्यात रस्त्यापलीकडून हाक आली. गाडीतून उतरलेली ती, डोक्यावर आईचं गाठोडं, मागे आई. मधून रिक्षा जात होत्या. तिला थांबवेना.

"मॅडम!" ती तिथूनच ओरडली. "या आठवड्यात एकदा पण नाय!"

सगळा बाजार बघायला लागला. कुणाला काय कळणार? मी सुकटीच्या पाट्यांसमोर उभ्याउभ्या ढसाढसा रडायला लागले.

"राहू दे बाई," मावशी घाबरून म्हणाली, "तू म्हणशील त्या भावाने ने."