ती अडचण की दुसरी

"उडी मार बरं."

आमच्या शाळेचे पर्यवेक्षक सर हे वाक्य खुर्चीत मागं रेलून, डोळे मिटूनच म्हणायचे. समोर नववी-दहावीतलं एखादं पोरगं पोट धरून उभं असायचं. डोकं दुखो, पोट दुखो, चक्कर येवो, सरांची तपासणी एकच. एका पायावर उडी. पोरानं मारली की सर म्हणायचे, "बघा, ठणठणीत हाय. जा वर्गात." नाही मारली तर म्हणायचे, "साधी उडी मारंना, लई नाटकी. जा वर्गात." या दवाखान्यातून कुणी आजारी ठरून बाहेर पडलेलं मी तरी पाहिलं नाही.

शाळा चकलांब्याच्या पुढच्या एका गावात. मी तिथं मराठी शिकवते आणि रोज गेवराईहून काळीपिवळी जीपमध्ये कोंबून घेऊन जाते. सर भूगोल शिकवायचे, पण त्यांचा खरा जीव वैद्यकात. नोकरी लागायच्या आधी ते काही दिवस मेव्हण्याच्या औषधाच्या दुकानात बसले होते. तेवढ्या भांडवलावर त्यांनी जन्मभर धंदा केला. कुणी शंका काढली की छाती पुढं काढून सांगायचे, "मेडिकलवर बसलेला माणूस हाय मी."

त्यांचा सिद्धांत असा की या वयातल्या लेकरांना आजार होतच नाहीत, वय होतं. गुडघा दुखतोय, वयाचं हाय, हाडं वाढतेत. तोंडावर पुटकुळ्या, वयाचं हाय. जेवण जात नाही, वयाचं हाय आणि मोबाईलचं हाय. ताप आला तर थांबायचं, उलटी झाली तर थांबायचं, दोन्ही एकदम झालं तर मधली सुट्टी होईस्तोवर थांबायचं. गावाला हे फार आवडायचं. पोराला गेवराईला न्यायचं म्हणजे दिवस मोडतो, आणि इथं शिकलेला माणूस फुकटात सांगतोय की काही झालेलं नाही. असा डॉक्टर कुणाला नको असतो? तुमच्याही गल्लीत असेल एखादा. त्याचा सल्ला आपल्याला पटतो, कारण त्यात आपल्याला काही करावं लागत नाही.

हे झालं मुलांचं. मुलींसाठी मात्र सरांच्या दवाखान्याला मागचं दार होतं, आणि त्या दाराची किल्ली म्हणजे एक शब्द. मुलगी टेबलापाशी येऊन खाली बघत म्हणायची, "सर, अडचण हाय." सरांचे डोळे खाडकन उघडायचे आणि थेट पंख्याला चिकटायचे. "जा बाई, जा." उडी नाही, प्रश्न नाही, काही नाही. मग काय, गणिताची चाचणी आली की वर्गातल्या निम्म्या पोरींना अडचण यायची. काहींना तर दर आठवड्याला यायची, आणि सरांना त्यात काहीच वावगं दिसायचं नाही.

मी एकदा न राहवून म्हटलं, "सर, पाळी म्हणा की. शब्द काय चावतो का?"

"मॅडम, हळू. लेकरं ऐकतेत."

"लेकरांनाच येते, सर."

सर उठले आणि पाण्याच्या टाकीत पाणी किती आहे ते बघायला गेले. त्यानंतर महिनाभर ते माझ्याशी फक्त वेळापत्रकाबद्दल बोलले.

आणि मग रेणुकाचं झालं.

रेणुका नववीतली, खो-खोत पळणारी काटक पोर. आईबाप मेंढरं घेऊन गोदाकाठाकडं गेलेले, म्हणून ही गावात चुलतीजवळ राहायची. थंडीचे दिवस होते. सकाळीच ती वाकत वाकत सरांपुढं आली आणि म्हणाली, "सर, अडचण हाय." सर पंख्याकडं बघून म्हणाले, "जा बाई, जा." ती गेली. पण घरी गेली नाही. व्हरांड्याच्या टोकाला भिंतीला टेकून बसून राहिली.

मधल्या सुट्टीनंतर मी वर्गावर निघाले, तर सर व्हरांड्यात उभे. पाठ रेणुकाकडं, तोंड अंगणातल्या लिंबाकडं, हात मागं बांधलेले. मला वाटलं, आता झाडाचीही तपासणी चाललीय. मी थांबले.

"रेणुका," सर लिंबाला म्हणाले, "घरी काहून गेली न्हाईस?"

"चालवंना, सर."

सरांचे कान लाल झाले होते. मग घसा खाकरून त्यांनी विचारलं, "बाई, ही ती अडचण हाय का दुसरी अडचण?"

मला हसू फुटणार होतं. तेवढ्यात पोर म्हणाली, "दुसरी, सर. हितं उजवीकडं लई दुखतंय. कालच्यापासून."

"मग तसं सांगायचं ना."

"तुमी उडी मार म्हणले असते. मला उडी मारता येईना."

सर वळले. इतक्या वर्षांत मी त्यांना एखाद्या मुलीच्या तोंडाकडं सरळ बघताना तेव्हाच पाहिलं. मी तिच्या कपाळाला हात लावला तर चटका बसला.

चुलतीला बोलावलं. ती आली आणि पोरीला बघून म्हणाली, "थांबू की जरा. तुमीच म्हणता ना सर, वयाचं हाय म्हणून." सरांची औषधं अशी घराघरांत मुरलेली. मी गेवराईच्या दवाखान्याचं नाव काढलं तर बाई दाराची चौकट धरून उभी राहिली. "नको. माझी नणंद पोटात दुखतंय म्हणून गेलती, ती पिशवी काढूनच आली. ह्या लेकराचं अजून लगीन व्हायचंय." पिशवी म्हणजे गर्भाशय. आमच्या जिल्ह्यात हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही, इतक्या जणींचं काढलेलं आहे. त्या बाईला अडाणी म्हणायची माझी तरी हिंमत झाली नाही.

सर तिच्यापुढं जाऊन उभे राहिले. "वैनी," ते म्हणाले, "मी मेडिकलवर बसलेला माणूस हाय. डॉक्टर न्हाई."

हे वाक्य त्यांनी पहिल्यांदाच शेवटपर्यंत म्हटलं होतं. वर म्हणाले, "गावात कुणी इचारलं तर सांगा, सरांनी जबरदस्तीनं नेली." चुलती पोरीला घेऊन आमच्याबरोबर काळीपिवळीत बसली.

गेवराईच्या डॉक्टरीणबाईंनी पोट चाचपलं, ताप बघितला, चार प्रश्न विचारले. मग म्हणाल्या, "बाळ, खाली उतर. एका पायावर उडी मारता येते का?"

रेणुकानं सरांकडं बघितलं. मी पण बघितलं. पोरीनं टाच उचलली आणि तिथंच कळवळून वाकली.

"बस, कळलं," बाई म्हणाल्या. "आत सूज असली की उडी मारवत नाही. अपेंडिक्स दिसतंय. सोनोग्राफी करते, पण बीडला न्यायची तयारी आत्ताच करा. उद्यावर टाकू नका."

सर बाहेर येऊन बाकावर बसले. थोड्या वेळानं म्हणाले, "मॅडम, तपासणी बरोबर होती. आपण निकाल उलटा लावत होतो."

"आपण म्हणू नका, सर," मी म्हटलं.

सर बोटांवर काहीतरी मोजायला लागले. परत वर्गात धाडलेली एकेक पोरं त्यांच्या डोळ्यांपुढून जात असणार. मला त्यांचा संताप आला होता आणि त्यांची कीवही येत होती. मी चहा आणायला गेले.

ऑपरेशन त्याच दिवशी झालं. फुटायच्या बेतात होतं म्हणे. पोर वाचली.

पुढचे काही महिने सरांनी आमचा जीव खाल्ला. पोरगं शिंकलं की चिठ्ठी लिहून आरोग्य केंद्रात. तिथल्या सिस्टरनी शेवटी निरोप धाडला की आता शाळाच आमच्याकडं भरवा. आता सर निवृत्त होऊन मुलाकडं पुण्याला गेलेत. त्यांच्या खुर्चीत एक तरणे सर बसतात. ते कुणाला उडी मारायला लावत नाहीत. पोराकडं बघतच नाहीत, मोबाईलमधलं डोकं न काढताच हात हलवून जा म्हणतात. अशा वेळी मला आमचे सर आठवतात, आणि ते आठवतात ते पारावर बसलेले.

ऑपरेशन होऊन रेणुका घरी आली होती, पण शाळेत येत नव्हती. गावानं ठरवून टाकलं होतं की पोरीची पिशवी काढली. बातमी पाहुण्यारावळ्यांत जायच्या आत कुठंतरी उरकून टाका, असं भावकीतली माणसं तिच्या बापाला सांगत होती. स्थळही बघून ठेवलेलं. पोर नववीत.

त्याच दिवसांत एका संध्याकाळी मी गाडीची वाट बघत उभी होते. पारावर माणसं बसलेली, त्यांत मेंढरांकडून परतलेला रेणुकाचा बाप. आणि मधे आमचे सर उकिडवे बसून काटकीनं धुळीत रेघा ओढत होते. "हे आतडं. हे त्याचं शेपूट. हे सडलं, हे काढलं. पिशवी हितं, खाली. तिला कुणी हात लावलेला न्हाई. पोरीला पाळी येती, तिच्या चुलतीला इचारून आलोय मी." पाळी म्हणताना अडखळले, पण म्हणाले, आणि चांगलं मोठ्यांदा. एकजण मोबाईल बघायला लागला. एकाला एकाएकी म्हशीची आठवण झाली आणि तो उठून गेला. सर हटले नाहीत. वर्गात विचारावं तसं त्यांनी विचारलं, "काही शंका?"

शेवटी बापानं मान वर न करता विचारलं, "मग सर, पुढं तिला लेकरं होतील?"

"होतील की," सर म्हणाले. "पण आदी दहावी."

बाप त्या रेघांकडं बघत बसला. भावकीतलं कुणीतरी मधे बोलायला गेलं, तर त्यानं हातानंच थांबवलं.

सोमवारी रेणुका शाळेत आली.