चेंडू मागायला गेलो नाही

शनिवारी सकाळी मी गॅरेजमध्ये कॅचरचा जुना ग्लोव्ह पुसत होतो, तेवढ्यात माधुरीवहिनींचा फोन आला. "श्रीकांतभाऊजी, विनय गेला... आंघोळ करून आला आणि खालीच बसला." मी म्हणालो, "अहो, पण दहाला ग्राउंडवर भेटायचंय आम्हाला." इतकं खुळ्यासारखं वाक्य आयुष्यात कधी बोललो नव्हतो. आज सात आठवडे झाले, तरी शनिवारी दहा वाजले की मला काय करावं ते सुचत नाही.

पुण्यात कॉलेजच्या बेसबॉल टीममध्ये विनय पिचर आणि मी कॅचर. तो फेकणार, मी बॅटरच्या मागे उकिडवा बसून झेलणार. शेवटच्या वर्षीच्या फायनलमध्ये, शेवटच्या डावात, त्याचं कोपर खाली येऊ लागलं. प्रत्येक चेंडूनंतर तो खांदा दाबत होता. मला दिसत होतं. कप हाताशी आला होता, म्हणून मी खुणेनं मागत राहिलो, अजून एक... अजून एक. आम्ही जिंकलो. विनयचा खांदा मात्र कायमचा गेला. पुढे दोघंही इंजिनिअर झालो, नव्या शतकाच्या सुरुवातीला ऑकलंडला आलो, हिल्सबरोत दोन गल्ल्या सोडून राहिलो. त्या सामन्याबद्दल एका अक्षरानं बोललो नाही.

इथल्या एका कॉलेजच्या टीमला पिचिंग शिकवणारं कुणी नव्हतं. विनयनं ते अंगावर घेतलं आणि झेलायला अर्थातच मला ओढलं. चार पिचर होते, चौघांनाही फक्त जोरात फेकायचं होतं आणि एकमेकांचं तोंड बघायचं नव्हतं. यानं पहिले तीन आठवडे चेंडूच दिला नाही! हातात टॉवेल देऊन तो झटकायला लावला, पुढचं पाऊल रोज खडूच्या एकाच रेघेवर पडेपर्यंत. मुलं वैतागली. मीही म्हणालो, "अरे, धोबीघाट काढलायस का?" तो म्हणाला, "पाय सरळ पडला की हात आपोआप येतो. थांब जरा." मग एक फेकताना बाकीच्या तिघांनी त्याचं कोपर बघायचं, आणि बदलीवर येणाऱ्याला आधीच्यानं सांगायचं, हा बॅटर कशाला फसतोय. वर्ष संपेपर्यंत ते चौघं मिळून एक सामना फेकायला शिकले. शेवटच्या डावात ढेपाळणारी ती टीम मग शेवटच्या डावातच जिंकू लागली.

नियम मात्र एकच कडक होता. कोपर उतरलं की कॅचरनं चालत जायचं आणि हात पुढे करायचा. पिचरनं वाद न घालता चेंडू त्या हातात ठेवायचा आणि मैदानाबाहेर जायचं. हे शिकवताना तो मला उभं करायचा. "चल श्री, चेंडू माग." दर शनिवारी मी चालत जायचो, तो माझ्या तळव्यावर चेंडू ठेवायचा, आणि मला त्याच्याकडे बघवत नसे.

तेराव्याला चौघंही आले होते, जॅंडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, दाराबाहेर नीट मांडून. त्यांच्यातला लिअम माझ्याशेजारी बसला. म्हणाला, "तुमच्या फायनलचं सांगायचे ते आम्हाला. म्हणायचे, दुखत होतं, पण मी माझ्या कॅचरपासून लपवलं. त्याला दिसलं असतं, तर तो नक्की आला असता."

विनयला खरंच तसं वाटत होतं, की मुलांपुढे त्यानं मला सांभाळून घेतलं? विचारणार कुणाला! दिसलं होतं रे विनय. एवढं एक वाक्य सांगायला माझ्याकडे इतके शनिवार होते.

गेल्या शनिवारी मुलांनी बोलावलं, नेट लावलं होतं, मी गेलो नाही. गॅरेजमध्येच बसलो. ग्लोव्हमध्ये आमचा शेवटचा चेंडू अजून तसाच आहे, त्याच्या बोटांचा खडू शिवणीत अडकलेला. दहा वाजले तसा उठलो, चार पावलं चाललो आणि हात पुढे केला... बराच वेळ तसाच उभा होतो.