चौबळांच्या नेतृत्वाखाली बर्फ

परगावी राहिलं की आपली माणसं निवडून घेता येत नाहीत, मिळतील ती घ्यावी लागतात. कोलकात्यात न्यू टाउनच्या आमच्या सोसायटीत मराठी घरं तीनच. आमचं, नंदा-श्रीकांतचं आणि चौबळांचं. तीन घरांत किस्से साठून साठून किती साठणार? पण चौबळ एकटेच महिन्याला दोन पुरवतात. परवा कुणीतरी विचारलं, सिक्कीमची ट्रिप कशी झाली? म्हटलं, बसा, चहा टाकते.

चौबळ पाकीटबंद खाऊच्या कंपनीत क्वालिटीचे मोठे साहेब. ऑफिसात पाकिटं तपासतात, घरी आल्यावर माणसं. गणपती असो की कुणाचं बारसं, लीडर तेच. त्यांच्या पत्नी विद्याताई मागून पिशव्या घेऊन येतात आणि काही बोलत नाहीत.

नंदा भुसावळची. तिला आयुष्यात एकदा बर्फ पडताना बघायचा होता. पडलेला नाही, पडताना. श्रीकांतची बँकेतली बदली कोलकात्याला झाली तेव्हा तिने नकाशात आधी सिक्कीम शोधलं होतं. पहिल्या हिवाळ्यात चौबळ म्हणाले, "गर्दी असते, पुढच्या वर्षी." दुसऱ्या हिवाळ्यात ते आम्हाला दीघ्याला घेऊन गेले. बर्फ बघायचाय म्हणणाऱ्या बाईला समुद्र! तिसऱ्या हिवाळ्यात श्रीकांतची जळगावला बदली झाली, फेब्रुवारीत हजर व्हायचं. म्हणजे सव्वीस जानेवारीला जोडून आलेली सुट्टी ही शेवटची.

ती दोघंच का गेली नाहीत, असं विचारू नका. चौबळांना न विचारता काही ठरवलं तर ते महिनाभर अबोला धरतात, आणि तीन घरांत अबोला परवडत नाही. आम्ही सगळेच शेळपट, दुसरं काय.

"या वेळी मी स्वतः लक्ष घालतो," चौबळ म्हणाले.

* * *

न्यू जलपाईगुडीला उतरून जीप केली. पुढची सीट अर्थातच लीडरची. घाट सुरू झाला आणि चौबळही सुरू झाले. प्रत्येक वळणावर एकच वाक्य, ड्रायव्हरला कळावं म्हणून हिंदीत. "हमारे वरंध घाट के सामने ये कुछ भी नहीं."

ड्रायव्हर पासांग, शांत माणूस. अकराव्या की बाराव्या वळणावर चौबळांचं वाक्य अर्धंच राहिलं, कारण त्यांना उलटी झाली. गाडी थांबली. पासांगने पाण्याची बाटली दिली, पाठीवरून हात फिरवला आणि अगदी आपुलकीने विचारलं, "सर, आपके घाट में भी होता है?"

* * *

खाऊ म्हणून चौबळांनी त्यांच्याच कंपनीची वेफर्सची दोन डझन पाकिटं आणली होती. वर चढता चढता ती फुगून टम्म झाली. एका थांब्यावर चौबळांनी डिकी उघडली आणि त्यांचा चेहराच उतरला.

"फुगलं म्हणजे माल खराब. बारा वर्षं हेच करतोय मी," असं म्हणून त्यांनी सगळी पाकिटं रस्त्याकडेच्या कचरापेटीत टाकली, फोटो काढले आणि सगळी बॅच परत मागवा, असा मेल फॅक्टरीला ठोकून दिला.

पासांग म्हणाला, "सर, ऊपर हवा पतली है. सबका फूलता है." मग त्याने पेटीतलं एक पाकीट उचललं, फोडलं आणि खात बसला. चौबळांना मेल मागे घ्यायचा होता, पण तोवर रेंज गेली होती.

* * *

कोलकात्यात नोव्हेंबरात जरा गार वारा सुटला की आमच्या खालच्या मजल्यावरचे दत्तबाबू माकडटोपी चढवतात. चौबळ दरवर्षी त्यांना हसतात. "वीस डिग्रीला टोपी? आम्ही सह्याद्रीची माणसं."

त्याच तोऱ्यात ते गंगटोकला पातळ जॅकेटमध्ये उतरले. दुसऱ्या दिवशी नाश्त्याला आले ते नवीकोरी माकडटोपी घालून, वर विद्याताईंची शाल. माझ्या नवऱ्याने, मिलिंदने, एवढंच विचारलं, "थंडी वाजतेय का?"

"छे," टोपीतून आवाज आला. "इथे धूळ फार आहे."

* * *

आता शेवटचा किस्सा. बर्फ असतो त्या वरच्या तलावाकडे जायला परमिट लागतं, आदल्या दिवशी एजंटला ओळखपत्रं आणि फोटो द्यावे लागतात. "यात कुणी हात घालू नका," असं बजावून चौबळांनी सगळं गोळा केलं होतं.

चेकपोस्टवर पोलिसाने कागद पाहिला. नावं पाच, प्रवासी सहा. चौबळांनी मागे वळून आम्हाला एकेक बोट दाखवत मोजलं. "पाच. बरोबर आहे की."

पोलिसाने ते बोट अलगद त्यांच्याच छातीकडे वळवलं. नदी ओलांडून आलेले दहा मूर्ख एकमेकांना मोजतात आणि प्रत्येकाचे नऊच भरतात, ही गोष्ट मला लहानपणापासून बनवलेली वाटायची. आता वाटत नाही.

नवीन परमिट उद्याचं मिळणार होतं आणि उद्या आमची परतीची ट्रेन होती. चौबळ खाली उतरले. "ग्रुप म्हणजे ग्रुप. जायचं तर सगळे, नाहीतर सगळे परत. बर्फ काय पळून जातोय? पुढच्या वर्षी येऊ."

नंदाचं पुढचं वर्ष जळगावात होतं. श्रीकांत खिडकीबाहेर बघत राहिला. मिलिंदने बुटाची लेस बांधायला घेतली. मीही गप्प बसले, आणि त्याची मला अजून लाज वाटते. "जाऊ दे, फिरवा गाडी," नंदा म्हणाली. तिचे डोळे भरले होते.

तेवढ्यात विद्याताई उतरल्या. आम्हाला वाटलं, नवऱ्यासोबत थांबणार. त्यांनी थर्मास चौबळांच्या हातात दिला, शेजारच्या चहाच्या टपरीतलं बाकडं दाखवलं आणि जीपचं पुढचं दार उघडलं.

"नंदा, तू पुढे बस. पुढून नीट दिसतं." मग स्वतः मागे चढून पासांगला म्हणाल्या, "चलो भैया."

वर दोन तास नुसता पडलेला बर्फ, कडेला चिखलाने मळलेला. आम्ही फोटो काढले, मॅगी खाल्ली. नंदा आभाळाकडे बघत उभी होती. आणि मग खरंच सुरू झालं. आधी चार-दोन कण, मग भराभर, आवाज न करता. नंदा दोन्ही तळवे पुढे करून उभी राहिली, हसत होती आणि रडतही होती.

पासांगने सांगितलं, रस्ता निसरडा व्हायच्या आत निघू, फार तर अर्धा तास. मी घड्याळ पाहिलं. चौबळांना बाकड्यावर बसवून चार तास होत आले होते.

विद्याताई प्लास्टिकच्या स्टुलावर चहाचा कप धरून बसल्या होत्या. मी म्हटलं, "निघूया का आता?"

"अर्धा तास म्हणाला ना तो?" त्यांनी चहाचा घोट घेतला. "बघू दे तिला. खाली कुणी वाट बघत नाहीये."