गाडीची ओटी

माझ्या कुंकवाला त्यांनी 'बॉनेटच्या रंगाचे नुकसान' असं नाव दिलं. ते ऐकलं तेव्हापासून माझ्या डोक्यातला जाळ काही विझलेला नाही, म्हणून लिहायला बसले. शाळेचं तोंड मी पाहिलेलं नाही. लेकरं पाटीवर गिरवायची, ते बघून अक्षरं शिकले. त्यामुळं जशी बोलते तशीच लिहिणार, चालवून घ्या.

आमच्या ह्यांच्या किडन्या कामातून गेल्या. आठवड्यातून दोनदा लोहाऱ्याहून धाराशिवला डायलिसिसला न्यावं लागतं. पहिले काही महिने एसटीनं नेलं. जाताना जमायचं. येताना माणूस पिळून टाकलेल्या कपड्यासारखा झालेला असायचा, आणि गाडीत जागा नसायची. मग सोलापूरच्या एका कंपनीची गाडी घेतली, पांढरी. विकत नव्हे. चार वर्षं हप्ता भरायचा, मुदत संपली की गाडी परत द्यायची आणि सुरुवातीला ठेवलेलं डिपॉझिट परत घ्यायचं, असा करार. हे तहसील कचेरीत कारकून होते, त्यांच्या पेन्शनीतून हप्ता जायचा. एकही चुकला नाही. लेक पुण्याला नोकरीला, म्हणून गाडी चालवायला शिकली ती सून. पदर खोचून स्टेअरिंगवर बसायची आणि बारक्या पोराला न्यावं तसं सासऱ्याला न्यायची. डिपॉझिट हातात आलं की जुनी का होईना, आपली स्वतःची गाडी घ्यायची असं ठरलं होतं. उमरग्यात एक बघूनसुद्धा ठेवली होती.

मुदत संपली तसा कंपनीचा माणूस गाडी न्यायला आला. तिशीतला, गोड बोलणारा. दारात चप्पल काढली, मला मावशी म्हणाला. सकाळची वेळ, न खाता कसं पाठवायचं? चुरमुऱ्यांचा सुशीला केला होता, तो त्यानं दोनदा मागून घेतला. तो खात होता तेवढ्यात मी अंगणात गाडीची ओटी भरली.

हसू नका. लेक दारातून निघाली तर आपण तिला रिकामी पाठवतो का? चार वर्षं त्या गाडीनं माझ्या नवऱ्याला नेलं आणि जिवंत परत आणलं. खणात तांदूळ, हळकुंड, सुपारी, नारळ घातला. गाडीची दुसरी किल्ली माझ्याकडं कपाटात असायची, तीही त्यातच टाकली, तिची वस्तू तिच्या ओटीत. वर पक्की गाठ मारली आणि गाठोडं पुढच्या सीटवर ठेवलं. चार दाणे सीटवर सांडले, हळदही सांडली. बॉनेटवर ओलं कुंकू लावलं. मग निरांजन घेऊन गाडीभोवती पूर्ण फेरी मारली. लेकाला पुण्याला पाठवायला म्हणून सून सगळ्याचा व्हिडिओ काढत होती.

आत आले तर त्या माणसानं गाडीच्या अवस्थेचा फॉर्म पुढं केलेला. कोरा.

"काका, खाली सही करा. बाकीचं मी ऑफिसात भरतो."

मी ह्यांच्याकडं बघितलं. ज्या माणसानं उभ्या नोकरीत एका सहीसाठी लोकांना तीन-तीन चकरा मारायला लावल्या, तो पेन उघडून बसलेला!

"अहो, वाचा तरी," मी म्हणाले.

ते हळू आवाजात म्हणाले, "अगं, पाव्हणा ताटावर बसलाय. त्याच्यासमोर कागद काय तपासायचा?"

आणि केली सही.

पंधरा दिवसांनी फोनवर हिशोब आला. सुनेनं वाचून दाखवला. उजव्या बाजूच्या मागच्या दाराला पोचा. बॉनेटच्या रंगाचे नुकसान. सीट खराब. दुसरी किल्ली दिलेली नाही. सगळं डिपॉझिट त्यात गेलं, वर आणखी पैसे भरा, नाही तर तुमचं नाव थकबाकीदारांत जाईल. ह्यांनी मान खाली घातली ती जेवायलासुद्धा वर केली नाही.

फोन केले. दर वेळी नवी पोरगी. दर वेळी पहिल्यापासून सांगायचं, आणि दर वेळी तिचं एकच, "आपली तक्रार नोंदवली आहे." कुठं नोंदवली, ते तिलाच ठाऊक! तोवर आमचं जाणं-येणं शेअरिंगच्या जीपनं. मधल्या सीटवर चौघांत पाचवा माणूस कोंबलेला. ह्यांच्या ज्या हाताला सुया टोचतात, त्याला धक्का लागू नये म्हणून मी माझा हात आडवा धरून बसायची. घरी येईपर्यंत खांदा भरून यायचा. त्या खांद्याचं बिल मी कुणाला पाठवू?

एक दिवस जीपमधून उतरताना हे म्हणाले, "आठवड्यातून एकदाच केलं तर चालंल का गं? माझ्याच सहीनं गेलं सगळं. तुला किती ओढायचं?"

एकदाच केलं तर काय होतं, ते डॉक्टरांनी आम्हाला चांगलं समजावून सांगितलेलं. घरी आल्या आल्या सुनेला म्हणाले, "उद्या सोलापूर. पहिली एसटी."

सोलापूरचं ऑफिस काचेचं. साहेब लेकाच्या वयाचा. समोर फॉर्म ठेवून म्हणाला, "आजी, सही काकांचीच आहे ना?"

"व्हय."

"मग विषय संपला."

सुनेनं फॉर्म हातात घेतला. "साहेब, सही निळ्या शाईत आहे. बाकी सगळं काळ्या शाईत. हे कधी भरलं?"

"तो आमचा अंतर्गत विषय आहे."

मग तिनं व्हिडिओ लावला. त्यात मी निरांजन घेऊन फिरतेय. पुढून, डावीकडून, मागून, उजवीकडून. उजव्या दाराशी तिनं व्हिडिओ थांबवला. दार आरशासारखं.

"पोचा दाखवा," ती म्हणाली.

"त्यात नीट दिसत नाही हो."

मला राहवलं नाही. "माझ्या पायातलं जोडवं दिसतंय, अन् ताटाएवढा पोचा दिसत न्हाय? डोळे तपासून घ्या साहेब, लई तरुणपणी गेले तुमचे!"

बाहेरच्या टेबलावरचं कुणीतरी फिस्सकन हसलं. साहेबानं गाडी न्यायला आलेल्या माणसाला बोलावलं. तो आला, मला बघितलं आणि पाया पडायला वाकला. मी पाय मागं घेतले.

"आधी सांग, किल्ली कुठाय?"

"मावशी, खरंच सांगतो, किल्ली मला दिलीच न्हाय."

"सीटवरचं ओटीचं गाठोडं कुठाय?"

तो खाली बघून म्हणाला, "घरी. देवापुढं ठेवलंय. बायकोला आठवा महिना चाललाय. ती म्हणली, बाळ होईस्तवर ओटीची गाठ मी सोडणार न्हाय."

सुनेनं व्हिडिओ पुन्हा मागं नेला. खणावर नारळाशेजारी काळी किल्ली स्वच्छ दिसत होती. त्या पोरीवर कसला राग धरायचा? तिनं ओटी जपली. पण ह्याला मी सोडलं नाही.

"अन् पोचा?"

त्यानं साहेबाकडं बघितलं. "त्याच दिवशी, मावशी. गोडाऊनच्या गेटला..."

"तू जा," साहेब म्हणाला. लगेच. जरासुद्धा दचकला नाही. म्हणजे ह्याला सगळं माहीत होतं! माहीत असून एका आजारी माणसाच्या कोऱ्या सहीवर ह्या लोकांनी आपल्या गेटचा पोचा लिहिला. आम्ही तिकडं जीपमध्ये हात आडवा धरून बसलेलो, आणि हा इथं गार हवेत. सुनेनं माझा हात दाबून धरला नसता, तर त्या काचेचं बिलसुद्धा आलं असतं.

"बरं," साहेब म्हणाला, "दार आणि किल्ली काढून टाकतो. बॉनेट आणि सीट मात्र राहील."

"राहू द्या. कुंकू मी लावलं, हळद मी सांडली. धुवायचे काय होतील ते देते. पण नुकसान लिहायचं न्हाय. कुंकू लिहा."

"तसा कॉलम नसतो, आजी."

"मग पैसेबी नसतात."

तो हसला. मी हसले नाही. तिथंच बसले. त्याचा डबा खाऊन झाला, दोन माणसं येऊन गेली, तरी बसले. शेवटी त्यानं तीही रक्कम काढली आणि कागदावर काय लिहिलं असेल? 'सवलत'. सवलत! जशी मी पदर पसरायला गेले होते. तेही खोडायला लावणार होते, पण शेवटची एसटी चुकली असती, आणि दुसऱ्या दिवशी डायलिसिसचा वार होता. कागदावर शिक्का मारून घेतला, तारीख घालून घेतली आणि उठले.

डिपॉझिट आलं, पण पुढं तीन आठवडे लावून. त्या सगळ्या दिवसांतल्या जीपच्या फेऱ्या काही कुणी परत दिल्या नाहीत. राग आहे तो त्याचा, आणि तो मी सोडणार नाही.

परवा उमरग्याची गाडी दारात आली. विकणारा माणूस भला दिसत होता. मी चहा दिला, त्यानं कागद पुढं केले. ह्यांनी चष्मा पुसला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली. पाव्हण्याचा चहा संपला. त्यानं दोनदा घड्याळ बघितलं.

"काका, नेहमीचेच कागद आहेत."

"बसा की," हे म्हणाले. "मला वाचायला वेळ लागतो." आणि पान उलटलं.

मी कुंकवाची वाटी घेऊन अंगणात गेले, तर सून फोन घेऊन आडवी आली. "आत्या, थांबा. आधी चारी बाजूंनी व्हिडिओ."

थांबले. तिचं झाल्यावर बॉनेटवर कुंकू लावलं, चांगलं तळहाताएवढं. ही गाडी आमची आहे. उद्या सकाळी सातला धाराशिवला निघायचं आहे, आणि मागची सीट पूर्ण ह्यांची.