दहा मिनिटांत चौऱ्याण्णव

एकतीस वर्षं बसमध्ये तिकिटं फाडून बाई निवृत्त झाली, तरी सोसायटीत तिला सगळे कंडक्टरबाईच म्हणत. कारण आवाज काही निवृत्त झाला नव्हता. "पुढे सरका, पुढे सरका!" हे ती आता फुलांवरच्या मधमाश्यांना सुनावायची.

फाटकाजवळचा कॉसमॉसचा वाफा तिनंच लावलेला. चेअरमनना तिथे फरशी घालून स्कूटरी लावायच्या होत्या. "चार फुलं आणि दोन माश्या," ते नाकातून म्हणाले, "त्यासाठी एवढी जागा?"

"दोन? मोजूनच दाखवते!"

रविवारच्या सभेत आकडा बघून काय तो निकाल लावायचा, असं ठरलं.

कॉलेजातल्या एका मॅडमनी तिला तक्ता दिला. हातभर जागा, दहा मिनिटं, फुलावर बसतील ते कीटक मोजायचे. बाई स्टुलावर ठाण मांडून बसली आणि संध्याकाळी सोसायटीच्या फलकावर आकडा झळकला: चौऱ्याण्णव! चेअरमनचं तोंड पाहण्यासारखं झालं.

शनिवारी सकाळी तिनं तोच आकडा मॅडमना फोनवर ऐटीत सांगितला.

"काकू, एकच माशी दहा फुलांवर बसली, तर किती धरता?"

"दहा. चढली की तिकीट!"

"अहो, ती एकच धरायची."

बाईचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "म्हणजे... पासवाली?"

ती पुन्हा स्टुलावर बसली. एकेका माशीवर नजर ठेवून मोजलं. भरले एकवीस.

"ताई, फलकावर आहे ते राहू दे की," धाकटा भाऊ म्हणाला. "माश्या काय तक्रार करणार आहेत?"

"वाफा गेला तर जाऊ दे. खोटं तिकीट मी आजवर फाडलेलं नाही." तिनं जाऊन चौऱ्याण्णववर काट मारली आणि खाली एकवीस लिहिलं.

सभेत चेअरमनना उकळ्या फुटत होत्या. "चौऱ्याण्णवचे एकवीस! सोमवारी काय, शून्य?"

"चुकलं माझं," बाई म्हणाली. "आता तुम्हीच मोजा. घड्याळ तुमचं, डोळे तुमचे."

सगळी सभा वाफ्याशी आली. चेअरमन हसत हसत स्टुलावर बसले. दोन मिनिटांत हसू ओसरलं, पाचव्या मिनिटाला नाक पाकळ्यांना टेकायला आलं.

"ही मघाचीच," भाऊ पुटपुटला.

"गप्प बसा हो! मघाची काळी होती, हिचं पोट पिवळं आहे!"

दहा मिनिटं संपली. "तेवीस," चेअरमन म्हणाले.

"ताईचे तर एकवीसच," भावानं डिवचलं.

"तेवीस म्हणजे तेवीस! एकही दोनदा धरलेली नाही!"

कुणीतरी हळूच विचारलं, "मग फरशीचं काय?"

"मागच्या भिंतीकडे घालू," ते मान वर न करता म्हणाले. "बाई, पुढच्या रविवारी किती वाजता बसायचं?"

बाईनं त्यांच्या हातात कोरा तक्ता ठेवला. "नऊला. आणि वर तारीख घाला आधी. नवीन माणसं तीच विसरतात."